कीबोर्ड कोणाच्या हातात?

शाळेच्या संगणक-खोलीत एकेका यंत्रासमोर तीन-तीन मुले बसतात. तेव्हा कीबोर्ड कोणाच्या हातात असतो, हे आपण कधी मुद्दाम पाहिले आहे का? मुलगे-मुली एकत्र असतील तर बहुधा तो मुलाच्या हातात असतो. मुलगी शेजारी बसून वहीत पायऱ्या उतरवून घेते. तिची वही नीटनेटकी असते, परीक्षेत गुणही चांगले पडतात. फक्त यंत्र अडून बसले की त्याच्याशी झटापट करायची पाळी तिच्यावर येत नाही.

गोष्ट साधी दिसते, पण तिच्यामागे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाची सुरुवात नेमकी उलटी आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एनियॅक नावाचा, सुमारे १८,००० निर्वात नळ्यांचा प्रचंड संगणक बांधला गेला. तोफगोळ्यांचे मार्ग गणिताने काढणे हे त्याचे काम. यंत्र अभियंत्यांनी बांधले. ते हव्या त्या गणितासाठी जुळवून घेणे, म्हणजे आज आपण ज्याला प्रोग्रॅमिंग म्हणतो ते काम, सहा तरुणींकडे आले : के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिश्टरमन. त्यांच्या हाताशी पाठ्यपुस्तक नव्हते, संगणकाची भाषा तर अजून जन्मायची होती. यंत्राच्या जोडणीचे आराखडे वाचून त्या शिकल्या. फेब्रुवारी १९४६ मध्ये एनियॅकचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि वर्तमानपत्रांत गाजले. त्या रात्रीच्या मेजवानीला या सहाजणींना बोलावणे नव्हते. चाळीस वर्षांनी कॅथी क्लायमन या विद्यार्थिनीने जुन्या छायाचित्रांतल्या या बायका कोण, अशी चौकशी केली. तेव्हा, यंत्र शोभून दिसावे म्हणून उभ्या केलेल्या त्या मॉडेल असाव्यात, असे उत्तर तिला मिळाले!

यंत्र बांधणे हे बुद्धीचे काम आणि त्याला सूचना देणे हे कारकुनी, अशी त्या काळची समजूत होती. बायकांना ते काम मिळाले ते या समजुतीपायी. पुढे त्याचे मोल कळले, पगार वाढले, आणि मग ते पुरुषांचे क्षेत्र मानले जाऊ लागले. तरीही बायका पुष्कळ होत्या. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत ३७ टक्के मुली होत्या. त्यानंतर मात्र आकडा घसरत गेला आणि २०१० च्या सुमारास जेमतेम १८ टक्क्यांवर आला. याच काळात वैद्यक आणि कायदा या शाखांत मुली वाढत होत्या. मग इथेच काय बिनसले?

त्याचा विचार पुढे करू. आधी १९८७ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात काय घडले ते पाहू. संगणकाच्या कार्यप्रणालींवर तिथे एक मोठी परिषद भरली होती. आलेल्या पुरुषांच्या गर्दीत बायका अगदी थोड्या. त्यांतल्या काहीजणी स्वच्छतागृहात भेटल्या आणि आपण इतक्या कमी कशा, यावर बोलणे सुरू झाले. बोलणे तिथे पुरे होईना, म्हणून त्या एकत्र जेवायला बसल्या. उठताना एकमेकींचे ई-मेलचे पत्ते घेतले. पुढाकार होता अनिता बोर्ग यांचा. एका लहानशा विमा कंपनीत नोकरी करता करता प्रोग्रॅमिंग स्वतःच शिकलेल्या आणि पुढे न्यूयॉर्क विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेल्या या संशोधक. गटाचे नाव पडले ‘सिस्टर्स’. उच्चारात बहिणी, पण अक्षरांत ‘सिस्टिम’.

या पत्रव्यवहारात रडगाणे फारसे नव्हते. अमुक अडचण आली आहे, कोणी सोडवली आहे का, असे कामाचे प्रश्न तिथे विचारले जात. एक प्रसंग मात्र सांगण्यासारखा आहे. १९९२ मध्ये ‘गणिताचा तास कठीण असतो’ अशा अर्थाचे वाक्य बोलणारी बार्बी बाहुली बाजारात आली. त्यावर जो निषेध उठला त्यात सिस्टर्सच्या सभासदांचा मोठा वाटा होता, आणि कंपनीने ते वाक्य काढून टाकले.

तरी पत्र ते पत्र आणि भेट ती भेट. १९९४ मध्ये बोर्ग आणि टेली व्हिटनी यांनी वॉशिंग्टनमध्ये पहिला मेळावा भरवला. त्याला नाव दिले ग्रेस हॉपर यांचे. नौदलातल्या या अधिकारी बाईंनी १९५२ च्या सुमारास पहिल्या कम्पायलरांपैकी एक तयार केला होता आणि १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले होते. पहिल्या मेळाव्याला सुमारे पाचशेजणी आल्या. वर्षानुवर्षे खोलीत एकटी बाई असण्याची सवय झालेल्यांना हे दृश्यच नवे होते. २०१० मध्ये याच मेळाव्याची भारतीय आवृत्ती बेंगळुरूला सुरू झाली.

आता मघाच्या प्रश्नाकडे येऊ. कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी १९९५ पासून काही वर्षे शंभरहून अधिक विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या. घरगुती संगणक आले तेव्हा ते मुलांचे खेळणे म्हणून विकले गेले आणि घरात मुलाच्या खोलीत जाऊन बसले. त्यामुळे मुलगे कॉलेजात येत ते चार-पाच वर्षे खुडबुड करून. मुली कोऱ्या पाटीने येत. शेजारचा मुलगा भराभर उत्तरे देतो, हे पाहून त्या समजत की आपल्याला बुद्धीच नाही. सराव कमी असणे आणि कुवत कमी असणे या दोन गोष्टींची ही गल्लत. शिक्षकांनीही ती वर्षानुवर्षे केली. विद्यापीठाने मग प्रवेशासाठी पूर्वानुभवाला वजन देणे थांबवले, नवशिक्यांसाठी वेगळा पहिला अभ्यासक्रम ठेवला, आणखीही काही बदल केले. १९९५ मध्ये प्रवेश घेणाऱ्यांत मुली ७ टक्के होत्या, २००० मध्ये ४२. भारतात तर संगणकशास्त्र शिकणाऱ्यांत मुलींचे प्रमाण अमेरिकेपेक्षा कितीतरी अधिक आहे. मेंदूच वेगळा, असे म्हणणाऱ्यांनी याचा उलगडा करावा.

कॉलेजबाहेरच्या मोठ्या बायकांचे काय? माझ्या मते इथूनच शिक्षकांनी शिकण्यासारखा भाग सुरू होतो. २०११ मध्ये बोस्टन शहरात जेसिका मॅकेलर आणि आशीष लारोइया यांनी पायथॉन ही संगणकभाषा शिकवणारी कार्यशाळा सुरू केली. ती स्त्रिया आणि त्यांच्या मित्रमंडळींसाठी होती. पुरुषाला यायचे तर एखाद्या बाईने त्याला सोबत आणायचे! शनिवार पूर्ण दिवस शिकण्याचा. पण त्याआधी शुक्रवारची अख्खी संध्याकाळ राखलेली होती ती केवळ आपापल्या संगणकावर सगळे साहित्य बसवून घेण्यासाठी. यात फार मोठी समज आहे. नवशिका माणूस भाषेच्या अवघडपणाने घाबरून जाण्याआधीच, सॉफ्टवेअर बसेना म्हणून पळून जातो. काहीतरी लाल अक्षरांत उमटते, त्याचा अर्थ कळत नाही, आणि विचारायची लाज वाटते. ती लाज आधी एका संध्याकाळी धुऊन टाकायची, कारण त्या वेळी प्रत्येकीचेच काहीतरी अडलेले असते. कार्यशाळा संपल्यावरही सोडून द्यायचे नाही. एकत्र काम करण्याच्या संध्याकाळी ठरवायच्या आणि हळूहळू शहरातल्या नेहमीच्या पायथॉन मंडळात मिसळून जायचे. त्या मंडळात बायका एक-दोन टक्के होत्या, त्या १५ टक्क्यांच्या आसपास गेल्या.

त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये ‘पायलेडीज’ हे मंडळ निघाले. त्याच्या शाखा देशोदेशी पसरल्या, पुण्यातही निघाली. तीन वर्षांनी, जुलै २०१४ मध्ये, ओला सितार्स्का आणि ओला सेंदेत्स्का या दोन पोलिश मैत्रिणींनी बर्लिनमध्ये ‘जांगो गर्ल्स’ची पहिली कार्यशाळा घेतली. एक दिवस, फी नाही, थोड्या नवशिक्यांमागे एक जाणकार मदतनीस. संध्याकाळपर्यंत प्रत्येकीने स्वतः बनवलेले पान इंटरनेटवर चढलेले असायचे. मदतनीसाला एक कडक पथ्य : शिकणारीच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. सांगा, थांबा, पुन्हा सांगा. (हे पथ्य पाळणे किती अवघड आहे, ते वर्गात एकदा करून पाहावे.)

परिणाम दिसला. अमेरिकेतल्या वार्षिक पायथॉन परिषदेत २०११ साली वक्त्यांमध्ये बायका एक टक्का होत्या, २०१६ मध्ये ४० टक्के. हे श्रेय एकट्या कार्यशाळांचे नाही. परिषदेच्या आयोजकांनीही वर्षानुवर्षे एकेकीला गाठून, निबंध पाठवा म्हणून मागे लागून हे घडवले.

सगळेच मात्र सुरळीत चालले, असे नाही. ग्रेस हॉपर मेळावा वाढत जाऊन हजारोंचा झाला आणि त्याला नोकरभरतीच्या बाजाराचे रूप आले. २०२३ मध्ये ऑरलँडोत तर नोकरीच्या शोधात पुरुषच मोठ्या संख्येने शिरले आणि आलेल्या बायकांना रांगेत मागे रेटले गेल्याची तक्रार झाली. बड्या कंपन्यांच्या देणग्या आटल्या तशी संकटे वाढली. २०११ पासून चालत आलेली, साडेतीन लाखांवर सभासद असलेली ‘विमेन हू कोड’ ही संस्था एप्रिल २०२४ मध्ये पैशाअभावी बंद झाली. तीन महिन्यांनी ‘गर्ल्स इन टेक’ही बंद पडली.

जांगो गर्ल्सची पाठ्यपुस्तिका मोफत आहे आणि खुल्या परवान्याने दिलेली आहे. मूळ लेखकांचा उल्लेख ठेवून आणि तोच परवाना कायम ठेवून ती कोणालाही छापता येते, आपल्या भाषेत आणता येते, वर्गात वापरता येते. साहित्य बसवण्याचे प्रकरण तिच्यात अगदी सुरुवातीला आहे. त्यासाठी वेळापत्रकात एक जादा तास धरावा.