टाकळघाटची थडगी आणि थोमाची शंका

मागच्या वर्षी आठवीच्या वर्गात एका मुलाने मला एक प्रश्न विचारला आणि मी त्याच्यावर रागावलो. त्याचे दादा आठवड्यापूर्वीच वारले होते. आमच्या शहरातल्या कब्रस्तानांत जागा कमी, त्यामुळे जुनी कबर खणूनच नवी मय्यत ठेवावी लागते. खणताना निघालेली हाडे त्याने पाहिली होती. "सर, हड्डी का भी चूरा हो गया, तो कयामत के दिन आदमी उठेगा कैसे?" वर्ग हसला. मी म्हणालो, "तौबा कर, असे प्रश्न विचारू नयेत." आणि फळ्याकडे वळलो. मराठीचा तास होता, धडा संपवायचा होता. त्या दिवसानंतर तो मुलगा माझ्या तासाला कधी हात वर करेना.

हे मनात टोचत असतानाच मी स्टीफन हिस्लॉपविषयी वाचत होतो. नागपूरकरांना हिस्लॉप म्हटले की सिव्हिल लाइन्समधले कॉलेज आठवते. ते १८८३ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी सुरू झाले. मूळ माणूस स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. १८४५ मध्ये, भोसल्यांचे राज्य असतानाच, तो मिशनरी म्हणून नागपुरात आला आणि पुढच्या वर्षी त्याने शाळा काढली. पण हा पाद्री आठवड्यातून एकदा प्रवचन करून घरी बसणारा नव्हता. त्याला दगडांचे वेड होते. नागपूर-कामठी भागातल्या खडकांत त्याने जीवाश्म शोधले, आणि रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर नागपूर परिसराच्या भूगर्भावर शोधनिबंध लिहिला. 'हिस्लोपाइट' नावाचे खनिज त्याच्याच नावावर आहे. गोंडांच्या कथा-गाणी त्याने टिपून ठेवली. ती सगळी टिपणे तो गेल्यावर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली.

सप्टेंबर १८६३. टेंपल तेव्हा मध्य प्रांताचा कारभार पाहत होते. त्यांच्याबरोबर हिस्लॉप टाकळघाटला गेला. हे गाव नागपूरच्या दक्षिणेला, बुटीबोरीच्या बाजूला आहे. तिथे जमिनीवर मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. ही वर्तुळे म्हणजे फार जुनी थडगी. विदर्भात अशी शेकडो आहेत. जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड ही नावे वाचकांनी ऐकली असतील. पुढे १९६८-६९ मध्ये शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर विद्यापीठाने टाकळघाट-खापा येथे रीतसर उत्खनन केले. विदर्भातल्या या थडग्यांत मडकी, लोखंडी अवजारे आणि घोड्यांचे अवशेषसुद्धा सापडतात. ज्यांनी मेलेल्या माणसाबरोबर मडके आणि घोडा पुरला, त्यांच्या मनात काय असेल? त्यांनी काही लिहून ठेवलेले नाही. पण ज्याला कुठे जायचेच नाही, त्याला घोडा कोण देतो?

४ सप्टेंबरला परतताना वाटेत एक शाळा पाहायला हिस्लॉप मागे राहिला. पावसाचे दिवस. अंधारात बोरीचा ओढा फुगलेला होता. छावणीत त्याचा घोडा परतला, पण पाठीवर स्वार नव्हता. हिस्लॉप बुडाला होता. वय सेहेचाळीसच्या आत. माझ्याच वयाचा, म्हणून हे वाचताना जरा थांबलो.

मेलेली माणसे एक दिवस उठतील, असे आयुष्यभर सांगणारा माणूस हजारो वर्षांची थडगी पाहून येताना गेला. यात कुणाला ईश्वरी संकेत दिसेल. मला फक्त पावसाळी ओढा दिसतो. आपल्याकडे आजही दर वर्षी माणसे असेच पूल ओलांडताना जातात.

हिस्लॉप ज्या धर्माचा प्रचार करत होता, त्याचा सगळा डोलारा येशूच्या पुनरुत्थानावर उभा आहे. म्हणून मी त्या मुलाचा प्रश्न घेऊन नव्या कराराकडे गेलो. मला वाटले होते, तिथे नुसती खात्री असेल. निघाले उलटेच. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या पूर्ण प्रती चौथ्या शतकातल्या. त्यांत शेवट असा आहे की बायका कबरीजवळ जातात, कबर रिकामी दिसते, त्या घाबरून पळतात आणि भीतीने कुणाला काही सांगत नाहीत. बस. पुढच्या ओळी नंतरच्या आहेत, हे ख्रिस्ती विद्वानच सांगतात. मत्तय लिहितो की शिष्यांनी येशूला समोर पाहिले तेव्हाही काहींना शंका होतीच. आणि योहानात थोमा आहे. बाकीचे सांगतात, आम्ही पाहिले. तो म्हणतो, खिळ्यांच्या जखमांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. आठ दिवसांनी येशू त्याला म्हणतो, घाल बोट. थोमाने खरेच बोट घातले की नाही, हे योहान सांगत नाही. हाच थोमा पुढे हिंदुस्थानात आला, अशी केरळातल्या ख्रिस्ती लोकांची फार जुनी परंपरा आहे. म्हणजे आपल्या देशाच्या वाट्याला शंका घेणाराच शिष्य आला!

अथेन्समध्ये पौलाने मेलेले उठतात असे सांगितले तेव्हा लोकांनी त्याची थट्टा केली. करिंथच्या मंडळीत तर ख्रिस्ती झालेल्यांपैकीच काहींना हे पटत नव्हते. त्यांना लिहिलेल्या पत्रात पौल आडपडदा ठेवत नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश आणि तुमचा विश्वास दोन्ही पोकळ, असे तो स्वतःच म्हणतो. मग तो दाण्याचे उदाहरण देतो: पेरलेला दाणा मेल्याशिवाय रोप येत नाही.

इथे आपला अकीदा वेगळा आहे, आणि तो लपवून सौजन्य दाखवण्यात अर्थ नाही. सूरह निसाप्रमाणे (१५७-१५८) हजरत ईसा अलैहिस्सलाम यांना सुळावर मारले गेलेच नाही, अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले. म्हणजे ख्रिस्ती लोकांचा ईस्टर आपण मानत नाही. पण मेलेल्यांचे उठणे? ते तर आपल्या इमानाचा भाग आहे. आणि मक्केतले लोक हेच विचारत होते, हाडांची माती झाल्यावर कोण उठवणार? तफ्सीरमध्ये येते की कुरैशांपैकी एकाने कुजके हाड हातात चुरून रसूलुल्लाह ﷺ यांच्यासमोर उडवले. सूरह यासीनच्या शेवटी त्याचे उत्तर आहे: ज्याने पहिल्यांदा घडवले, तोच. कुरआन पुन्हा पुन्हा मेलेल्या जमिनीवर पडणाऱ्या पावसाकडे बोट दाखवते. पौलाचा दाणा आणि हा पाऊस, वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला दोन्ही समजावून सांगावे लागत नाहीत.

मराठीत या शंकांना जागा फार आधी मिळाली. १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण ओव्यांत आहे, आणि त्यात नवख्रिस्ती श्रोते प्रश्न विचारतात, पाद्रीगुरू उत्तरे देतात. प्रश्नकर्त्याला हाकलून दिलेले नाही. नारायण वामन टिळकांची गोष्ट तर नागपूरचीच. ते इथे आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते. १८९३ च्या सुमारास राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यांना धरून ठेवले ते डोंगरावरच्या प्रवचनाने. रिकाम्या कबरीने नव्हे. पुढे बराच काळ शंकांत, वाचनात आणि पत्रव्यवहारात गेला, आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षे वेगळ्या राहिल्या, रडल्या, भांडल्या, आणि १९०० मध्ये स्वतःच्या वाटेने तिथे पोहोचल्या. गंमत पाहा, टिळकांनी सुरू केलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या मृत्यूने १९१९ मध्ये अर्धवट राहिले, तेव्हा येशूची कथा ओव्यांत पुढे नेली ती या शंका घेणाऱ्या बाईंनीच. त्याही १९३६ मध्ये गेल्या आणि शेवट मुलाने, देवदत्ताने केला.

एवढे वाचून झाल्यावर मला सूरह बकरहची २६० वी आयत आठवली. खरे तर ती आधी आठवायला हवी होती. हजरत इब्राहीम अलैहिस्सलाम अल्लाहला म्हणतात, तू मेलेल्यांना कसे उठवतोस ते मला दाखव. विचारणा होते, तुझा विश्वास नाही का? ते म्हणतात, आहे, पण मनाला शांती हवी. त्यांना कुणी तौबा करायला सांगितले नाही. चार पक्षी घ्यायला सांगितले. आणि बुखारीत हदीस आहे की शंका घ्यायचीच झाली, तर इब्राहीमपेक्षा आमचा हक्क जास्त, असे रसूलुल्लाह ﷺ म्हणाले. एका मोठ्या नबीचा प्रश्न त्यांनी असा सांभाळून घेतला. मी बी.एड. झालेला माणूस, आठवीतल्या पोराचा प्रश्न मला सांभाळता आला नाही.

सुट्टीनंतर मी त्याला व्हरांड्यात बोलावले. त्या दिवशी माझे चुकले, असे सांगितले. मग चार पक्ष्यांची गोष्ट सांगितली, डोंगरांवर ठेवलेले तुकडे आणि हाक मारल्यावर धावत आलेले पक्षी. तो बराच वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, "सर, आपण मेलो होतो हे त्या पक्ष्यांना याद होते का?"

मी म्हटले, "माहीत नाही रे बेटा. बघून सांगतो."