बाकावरचा राजा

लेखकावर चित्रपट निघाला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं. ‘लेखक काय करतो? बसतो आणि लिहितो. बसलेल्या माणसाचा सिनेमा कसा होणार?’ महेश मांजरेकरांचा पु. ल. देशपांडे यांच्यावरचा ‘भाई – व्यक्ती की वल्ली’ २०१९ च्या जानेवारीत आला, दुसरा भाग फेब्रुवारीत. तेव्हाही हेच ऐकलं. परवा गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या मोरजीत एका स्नेह्याच्या सोप्यावर चहा घेताना पुन्हा ऐकलं. जोडीला जुनी तक्रार होतीच: थोर गवयांच्या हाती पेले देऊन चित्रपटाने त्यांची बदनामी केली.

तक्रारीला फार जागा नको. पु. लं.च्या पत्नी सुनीताबाईंनी ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली, पु. ल. हयात असताना प्रसिद्ध केलं आणि घरातलं बरंच काही स्वतःच्या हाताने उघड्यावर मांडलं. त्या पिढीच्या वतीने आपण सोवळं नेसायची गरज नाही. पेला दाखवल्याने गाणं बाटत नाही. मात्र पेल्यातून गाणं कळतही नाही, आणि माझी अडचण तिथे आहे.

आता मुख्य मुद्दा. माणसाच्या आतलं जग दाखवता येत नाही, हे पेडणे तालुक्यात बसून म्हणायचं म्हणजे कमाल आहे! ज्याने जन्मात एकदा तरी जत्रेतला दशावतारी कालो रात्रभर जागून पाहिला, त्याने तरी हे म्हणू नये. देवळासमोर मांडव, पायपेटी, पखवाज, झांज आणि मधोमध एक लाकडी बाक. नेपथ्य संपलं. दशावतारी राजा येतो, बाकावर टेकतो. कथानक ठरलेलं असतं, पण संवाद लिहिलेले नसतात. तो आपल्या मनातली घालमेल जागच्या जागी बोलायला लागतो. शेवटचा शब्द लांबवला की पायपेटीवाला नेमका तिथे सूर धरतो. घटकेत तोच बाक अरण्यातला खडक होतो. पहाटे तीनला पुढच्या रांगेतली म्हातारी पदराने डोळे पुसते. तीही बसलेल्या माणसाचंच नाटक बघत असते.

यावर स्नेही म्हणाले, ‘राजा बोलतो हो, लेखक मुकाट लिहितो.’ आक्षेप रास्त आहे, पण पु. लं.ना लागू नाही. हा माणूस आकाशवाणीत वावरलेला, ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर उभी करणारा. सुनीताबाईंचं माहेर रत्नागिरीचं. तिथल्या बोलण्याचा तिरकस हेल कानात मुरल्याशिवाय पु. लं.चा अंतू बर्वा कागदावर उतरत नाही. पु. लं.चं अंतरंग कुठे शोधायचं म्हणाल, तर कानात. आणि ज्या माध्यमाला आवाज आहे त्याला कानाचं वावडं असायचं कारण काय?

‘भाई’ कमी पडतो तो इथे. सागर देशमुख आणि इरावती हर्षे यांनी मेहनत घेतली आहे, त्याबद्दल वाद नाही. पण नामवंत एकामागून एक येतात, आपण त्यांना ओळखतो, ओळखल्याच्या आनंदात हसतो आणि पुढचा नामवंत दारात उभा असतो. ही ओळखपरेड झाली. पडवीत कोणी म्हातारा तारस्वरात जगावर ताशेरे ओढतोय आणि कोपऱ्यातला तरुण भाई गप्प बसून, ओठ जेमतेम हलवत तो हेल घोळवतोय, अशा एका दृश्यात लेखन दिसलं असतं. तसं दृश्य माझ्या लक्षात राहिलेलं नाही.

आणि हे जमतं. नंदिता दास यांच्या ‘मंटो’त (२०१८) लेखकाच्या आयुष्यातून त्याच्या कथेत आपण कधी शिरलो ते कळत नाही, मध्ये पाटी लावलेली नाही. तेव्हा दोष माध्यमाचा नाही. ‘भाई’च्या पटकथाकाराने लेखकाची पुस्तकं चाळली, पण लेखक ऐकतो कसा हे शोधलं नाही, एवढंच.

आमच्या तेरेखोल नदीपलीकडे शिरोड्याला वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत मास्तरकी करत होते, आणि तिथूनच त्यांनी १९३६ च्या ‘छाया’ चित्रपटाची कथा लिहिली. त्यांच्यावर कोणी चित्रपट काढणार असेल तर विनंती एवढीच: पटकथेला बसण्याआधी एक रात्र इकडे येऊन कालो बघा. बाकाजवळ जागा हवी असेल तर लवकर या, मागाहून येणाऱ्याला खांबाआडून बघावं लागतं.