ताळगावचा कणसांचा उत्सव

गोवा राज्याच्या तिसवाडी तालुक्यातील ताळगाव येथे दरवर्षी २१ ऑगस्ट रोजी साजरा होणारा नव्या भाताचा उत्सव. पणजी शहराला लागून असलेल्या या गावातील ख्रिस्ती समाज व गावकरी संस्था यांचा हा प्रमुख वार्षिक सोहळा होय. कोकणीत अशा उत्सवांना ‘कणसांचे फेस्त’ म्हणतात. नव्या पिकाबद्दलची कृतज्ञता हा त्याचा धार्मिक आशय असला, तरी जमिनीवरील हक्क आणि गावागावांतील मानपान यांची जुनी व्यवस्था त्यात टिकून राहिल्याने त्याला विशेष ऐतिहासिक महत्त्व आहे.

गोव्यात भाताची दोन पिके घेतात. पावसाळी पीक ‘सरद’ आणि हिवाळी पीक ‘वायंगण’ या नावाने ओळखले जाते. सरद पिकाची मुख्य कापणी पावसाळा ओसरल्यावर, म्हणजे सर्वसाधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. कणसांचे उत्सव तिच्या आधी, पहिली कणसे भरू लागताच होतात. कापणीस आरंभ करण्याची अनुज्ञा देणारा विधी असे त्यांचे मूळ स्वरूप आहे.

जुन्या गोव्यातील शेतजमिनीचा मोठा भाग गावकरी संस्थेच्या सामाईक मालकीचा असे. गाव प्रथम वसविणाऱ्यांचे पुरुषपरंपरेने चालत आलेले वंशज ते गावकर. जमीन खंडाने देणे, बांध व पाण्याचे दरवाजे यांची डागडुजी करणे, सारा भरणे आणि उरलेल्या उत्पन्नाची वाटणी करणे ही कामे ही संस्था करी. पोर्तुगीजांनी गोवा जिंकल्यावर तिसवाडीतील या रूढींची नोंद करून अफोंसो मेशिया याने १६ सप्टेंबर १५२६ रोजी एक सनद (फोराल) जारी केली. तीत ताळगावच्या अग्रहक्काचा स्पष्ट उल्लेख आहे. भाताच्या कापणीचा आरंभ करण्याचा पहिला मान ताळगावचा असून तेथील गावकर दरवर्षी भाताची पेंढी गोवा शहरातील मुख्य चर्चच्या वेदीपुढे आणून ठेवीत. त्यानंतर तेथील धर्मगुरू त्यांना सरकारी वखारीत घेऊन जाई आणि वखारीचा अधिकारी चार पर्दाव (तत्कालीन नाणे) खर्चून त्यांच्या गळ्यात सन्मानाची वस्त्रे घालीत असे. त्यापुढेच इतर गावांनी कापणी करावी, असा नियम होता.

हा मान आफोंसो द आल्बुकेर्क याने दिला, अशी परंपरा आहे. १५१० च्या मे महिन्यात आदिलशाही सैन्यापुढे आल्बुकेर्कला गोवा शहर सोडावे लागले आणि पावसाळ्यामुळे त्याचे आरमार मांडवीच्या मुखाशी अडकून पडले. त्या उपासमारीच्या काळात ताळगावकरांनी त्याला धान्य पुरविले व २५ नोव्हेंबर १५१० रोजी शहर पुन्हा जिंकल्यावर त्याने त्यांना हा सन्मान दिला, असे सांगतात. तथापि सनदेच्या वेळी तिसवाडीतील गावे बहुतांशी हिंदूच होती. तेथील देवळे १५४० च्या सुमारास पाडण्यात आली व १५४१ मध्ये देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविण्यात आले. व्यापक धर्मांतर त्यानंतरचे आहे. म्हणजे ताळगावचा हा अग्रमान गावाच्या धर्मांतरापूर्वीचा ठरतो. गावाचा धर्म बदलला, तरी हक्क गावकरांकडेच राहिला आणि विधी नव्या धर्माच्या चौकटीत चालू राहिला.

उत्सवाच्या दिवशी प्रार्थनेनंतर वाद्यांच्या गजरात मिरवणूक शेतात जाते. धर्मगुरू पिकाला आशीर्वाद देतो, विळ्याने पहिली कणसे कापली जातात व ती भाविकांत वाटली जातात. घरोघरी ती वेदीपाशी ठेवण्याची प्रथा आहे. राज्याचे प्रमुख व आर्चबिशप यांना कणसे भेट देण्याचा ताळगावचा मान असून पोर्तुगीज काळात गव्हर्नरला दिली जाणारी ही भेट १९६१ नंतर भारतीय शासनाच्या प्रतिनिधीकडे जाऊ लागली. २४ ऑगस्टला जुने गोवे येथील से कॅथीड्रलमध्ये कणसे अर्पण करण्याची परंपरा आहे.

असे उत्सव गोव्यात अन्यत्रही होतात. सासष्टीतील राय येथील उत्सव ५ ऑगस्ट रोजी असतो. तिसवाडीतीलच दिवाडी बेटावर ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी होणाऱ्या बोंदेराम उत्सवात निशाणांना महत्त्व असते. वाड्यांच्या हद्दी दाखविण्यासाठी लावलेली निशाणे पाडण्यावरून होणाऱ्या तंट्यांची ती आठवण मानली जाते. गोव्यातील हिंदू गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी नवी कणसे आणून पुजतात. कोकणात आश्विन पौर्णिमेस साजरी होणारी नवान्न पौर्णिमाही याच परंपरेतील होय.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्सवाचा आर्थिक आधार पालटला. १५ एप्रिल १९६१ च्या संहितेने गावकरी संस्थांवरील शासकीय नियंत्रण कायम ठेवले. १९६४ च्या कूळकायद्याने आणि १९७६ च्या त्याच्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्यास मालकी देण्याचे तत्त्व मान्य झाले. त्यामुळे कुळांना न्याय मिळाला; परंतु बांध-बंदिस्तीची सामूहिक जबाबदारी सांभाळणारी जुनी यंत्रणा दुबळी झाली. दुसरीकडे पणजीचा विस्तार ताळगावकडे झाला. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या गोवा विद्यापीठाचा परिसरही ताळगावच्या पठारावर आहे. पूर्वी भात व वांग्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात शेतजमिनीचे मोल आता पिकापेक्षा बांधकामावरून ठरू लागले.

एकेकाळी ताळगावच्या विळ्यावर तालुक्याची कापणी अवलंबून असे. ते बंधन राहिले नाही. तरीही पहिली कणसे शेतातूनच कापावी लागत असल्याने, हा मान चालू राहण्यासाठी गावात थोडे तरी भात पिकत राहणे अपरिहार्य आहे.