प्रभातची भागीदारी

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींत ‘प्रभात’चा विषय निघाला, की त्याचा शेवट बहुधा ठरलेला असतो. आधी ‘संत तुकारामा’ची आठवण निघते, मग तुतारी फुंकणाऱ्या त्या स्त्रीच्या बोधचिन्हाची, आणि अखेरीस कोणीतरी सुस्कारा टाकून म्हणतो, “काय करणार! मराठी माणसाला भागीदारी मानवत नाही.” हे वाक्य इतक्या वेळा व इतक्या निःशंकपणे उच्चारले गेले आहे, की आता ते इतिहास म्हणूनच खपते. परंतु जमाखर्चाच्या अंगाने पाहू गेल्यास ते फार तर अर्धेच खरे ठरते, असे मला वाटते.

प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झाली. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि शांताराम हे चौघे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. पाचवे सीतारामपंत कुलकर्णी हे सराफ. पेढीचे बळ त्यांचे. या मांडणीतील शहाणपण ध्यानात घेण्याजोगे आहे. दामल्यांचा हात यंत्रांवर आणि पुढे ध्वनिमुद्रणावर, फत्तेलाल कलादिग्दर्शनात निष्णात, धायबर कॅमेऱ्यामागे, दिग्दर्शन शांतारामांचे. प्रत्येकाचा प्रांत निराळा असल्यामुळे एकाच्या कामावाचून दुसऱ्याचे अडे, पण एकाच्या नावलौकिकाने दुसऱ्याचे काही उणे होत नसे. दामले आणि फत्तेलाल यांचे मैत्र तर असे जुळले होते, की दोघांची नावे वेगळी उच्चारणेच लोक विसरले.

१९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा प्रभातचा पहिला बोलपट आला. त्याच वेळी कंपनीने तो हिंदीतही काढला, आणि पुढे या प्रघातावरच तिचा बराच संसार चालला. मराठी चित्रपटाची बाजारपेठ मुळातच आखूड. मुंबई इलाख्यातले मराठी जिल्हे, वऱ्हाड-नागपूर, निजामाच्या राज्यातला मराठवाडा आणि इंदूर-ग्वाल्हेरकडची आपली वस्ती. तिच्या पलीकडे मराठी संवाद ऐकणार कोण? उलट देखावे, पोशाख, दिवे आणि कारागीर एकदा सिद्ध झाले, की तोच प्रसंग दुसऱ्या भाषेत पुन्हा चित्रित करण्यास लागणारा जादा खर्च मूळ खर्चाच्या मानाने माफक असे. ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला, ‘माणूस’ ‘आदमी’ झाला, ‘शेजारी’ ‘पडोसी’ झाला. मद्रासकडे असलेल्या आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, की १९३४ साली प्रभातने ‘सीताकल्याणम्’ हा तमिळ बोलपटही काढला होता. मराठी माणूस आपल्या गावाबाहेर पाहत नाही, हा दुसरा एक आवडता समज येथे विचारात घ्यावा.

१९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली. तेथे उभा राहिलेला स्टुडिओ जितका कारखान्यासारखा होता, तितकाच कचेरीसारखाही. सुतार, रंगारी, वादक, नट, नट्या सारे पगारी. महिन्याच्या महिन्याला वेतन, ठरल्या वेळी हजेरी. आज एखादा नट एकेका चित्रपटाचा सौदा करतो. त्या काळी तो कंपनीचा नोकर असे. यात सुरक्षितता होती, तशी जाचणूकही होती, हे लपवून उपयोग नाही. १९३९ साली शांता आपटे यांनी प्रभातच्याच दाराशी उपोषण केले आणि पुढच्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्यातल्या पिळवणुकीची वाच्यता केली. प्रभातच्या गौरवगाथेत हे प्रकरण सहसा वाचावयास मिळत नाही. ज्याने जन्मभर हजेरीपुस्तकावर सही केली आहे, त्याला मात्र त्यातले मर्म समजावून सांगण्याची गरज नाही.

‘संत तुकाराम’ १९३६ चा. दामले-फत्तेलालांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. त्या यशाविषयी इतके लिहिले गेले आहे, की मी येथे थांबत नाही.

मला अधिक रस आहे तो पैसा हिंडतो कसा यात. निर्माता चित्रपट काढतो, वितरक तो प्रांतोप्रांती नेतो आणि चित्रपटगृहाचा मालक तिकिटे विकतो; म्हणजे पैसा उलट्या वाटेने, तिघांच्या हातून गळत गळत निर्मात्याकडे परततो. त्याला महिनोन्‌महिने लागतात. हा काळ ज्याला आपल्या भांडवलावर काढता येतो तो स्वतंत्र. ज्याला येत नाही त्याने वितरकाकडून आगाऊ रक्कम घ्यावी आणि वितरक म्हणेल तो नट, म्हणेल तितकी गाणी घालावीत. या धंद्याने देशाची जी वाटणी केली तीही मोठी गमतीची आहे. ‘सी. पी. बेरार’, ‘निजाम’, ‘म्हैसूर’ ही नावे सरकारी दप्तरातून केव्हाच पुसली गेली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तर त्या सीमाही उरल्या नाहीत. परंतु चित्रपटवितरकांच्या वहीत ते प्रांत अद्यापि नांदत आहेत. आपले दप्तर कितीही चिवट असले, तरी या वहीपुढे त्याने हात टेकावेत!

आता फुटीविषयी. धायबर सर्वांच्या आधी बाहेर पडले. १९४२ मध्ये शांताराम गेले आणि त्यांनी मुंबईस परळला राजकमल कलामंदिर स्थापिले. १९४५ साली दामले वारले. त्यानंतर ‘प्रभात’ हे नाव उरले, पण ज्या पाच जणांच्या गुणांचा मेळ म्हणजे प्रभात, तो मेळ उरला नाही. भागीदारांत बेबनाव झाला हे खरेच. त्याच्या खासगी कारणांची चर्चा पुष्कळांनी चवीने केली आहे, मी करीत नाही.

प्रश्न असा, की बेबनाव झाला नसता तर प्रभात टिकली असती काय? याचे उत्तर पुण्यात शोधू नये, ते कलकत्त्यात आणि मालाडला शोधावे. कलकत्त्याचे न्यू थिएटर्स १९३१ साली बिरेन्द्रनाथ सरकार यांनी काढले. तेथे भागीदारीचा प्रश्नच नव्हता. सूत्रे एका हाती होती. मालाडची बॉम्बे टॉकीज ही १९३४ ची मर्यादित जबाबदारीची कंपनी. तिला संचालक मंडळ होते, भागधारक होते, म्हणजे व्यवहाराच्या पुस्तकांत जे जे शिस्तीचे म्हणून सांगितलेले असते ते सर्व होते. तरीही हिमांशु राय १९४० साली निवर्तल्यावर तेथे तट पडले आणि १९४३ मध्ये एका गटाने फिल्मिस्तान ही निराळी संस्था उभारली. भागीदारी, एकहाती मालकी आणि मर्यादित कंपनी असे तीन निरनिराळे घाट, तिन्ही निरनिराळ्या समाजांतले. आणि तिघांचीही निर्मिती १९५० नंतरच्या पाच-सहा वर्षांत थंडावली. तेव्हा दोष केवळ आपल्या स्वभावाच्या माथी मारणे हा एक प्रकारचा आत्मगौरवच आहे, कारण त्यात आपण इतरांहून अधिक भांडखोर असल्याचे गृहीत धरलेले आहे.

खरे कारण युद्धात आहे. कच्ची फिल्म परदेशातून येई. युद्धामुळे तिची आवक रोडावली, सरकारने चित्रपटाच्या लांबीवर अकरा हजार फुटांची मर्यादा घातली आणि १९४३ पासून फिल्मसाठी परवाना लागू लागला. त्याच सुमारास युद्धाच्या कंत्राटांतून आणि काळ्या बाजारातून ज्यांच्या हाती अमाप पैसा आला, त्यांना तो दडविण्यास जागा हवी होती. ती त्यांना चित्रपटात सापडली. त्यांना स्वतःची यंत्रे नकोत, बारमाही नोकरवर्ग नको. स्टुडिओ भाड्याने घ्यावा आणि नामांकित नटास एका चित्रपटापुरते बांधावे. पावतीवर एक रक्कम, पाकिटात दुसरी. महिन्याच्या पगारावर काम करणारा नट मग कोणत्या कंपनीत राहणार? आणि बाराही महिने शेकडो माणसे पोसणाऱ्या संस्थेने, एका चित्रपटापुरता संसार थाटून मोडणाऱ्याशी बरोबरी करावी तरी कशी?

त्यात करमणूक कराची भर. बंगालने हा कर १९२२ साली बसविला, मुंबईने १९२३ साली, आणि स्वातंत्र्यानंतर प्रांतोप्रांती तो वाढतच गेला. ३० जून १९४९ रोजी देशभरच्या चित्रपटगृहांनी निषेधार्थ खेळ बंद ठेवले. त्याच वर्षी केंद्र सरकारने स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिच्या सभासदांत शांताराम होते आणि न्यू थिएटर्सचे सरकारही होते. मोडकळीस आलेल्या दोन घरांचे कर्ते एका टेबलाशी बसून घरे का मोडतात याचा विचार करीत होते, असे म्हणावयास हरकत नाही. १९५१ साली अहवाल आला. चित्रपटांना कर्ज देणारे महामंडळ असावे आणि शिक्षण देणारी संस्था असावी, अशा शिफारशी त्यात होत्या. पतपुरवठा हे दुखण्याचे मूळ समितीने ओळखले होते. पण शिफारस आणि अंमल यांत किती अंतर असते हे या मासिकाच्या वाचकांना कोणी सांगावे! वित्त महामंडळ निघाले ते १९६० साली, आणि चित्रपटव्यवसायाला ‘उद्योग’ अशी मान्यता मिळाली ती १९९८ साली. तोवर सरळ मार्गाने अधिकोषाचे कर्ज मिळणे निर्मात्याला दुरापास्तच होते. राज्यांचा करमणूक कर तर १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा करात विलीन झाला.

प्रभातचा कारभार १३ ऑक्टोबर १९५३ रोजी अधिकृतपणे बंद झाला. समितीच्या दुसऱ्या शिफारशीनुसार शिक्षणसंस्था काढावयाची तेव्हा तयार जागा हवी होती; ती पुण्यास, प्रभातच्या आवारात मिळाली. १९६० साली तेथे फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाले. दामले-फत्तेलालांनी ज्या छताखाली तुकारामाचे देहू उभारले, तेथे आज सबंध भारतातून आलेली मुले कॅमेरा धरावयास शिकतात, आणि त्यांची फी, शिष्यवृत्ती व यंत्रखरेदी यांच्या नस्त्या दिल्लीच्या मंत्रालयात आपल्यासारख्याच कोणाच्या तरी टेबलावरून पुढे सरकत असतात.