दोन्हीकडचा दलाल कोणाचा?

जालन्यात घर किंवा प्लॉट घ्यायचा म्हटले की पहिला सल्ला ठरलेला असतो: वेगळा एजंट कशाला? ज्याने जागा दाखवली तोच दोन्हीकडचे पाहतो, सौदा लवकर बसतो, दलाली वाचते आणि कागदपत्रे वकील तपासतोच. हे मत मला मुळातच चुकीचे वाटते.

या मताची भक्कम बाजू मोंढ्यात सापडते. अडत्या शेतकऱ्याचा माल विकतो, व्यापाऱ्याशीही त्याचे रोजचे संबंध असतात, तरी बाजार चालतोच. मग घराच्या सौद्यात हे का चालू नये? कारण मोंढ्यात माल समोर पडलेला असतो, बोली चारचौघांत लागते आणि शेतकरी पुढच्या हंगामात दुसऱ्या अडतीवर जाऊ शकतो. घर घेणारा बहुधा आयुष्यात एकदाच येतो. प्लॉटिंगवाला मात्र त्याच दलालाला वर्षभर काम देतो. दलाल लबाड असण्याची गरजच नाही. त्याचे पोट कोणावर चालते एवढे पाहिले तरी पुरे.

1872 च्या करार कायद्यातील कलम 216 प्रमाणे, एजंटाने मालकाच्या नकळत त्याच्याच कामात स्वतःसाठी व्यवहार केला, तर त्यातला लाभ मालक मागू शकतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यालाही ही गोम कळली होती. 2016 च्या स्थावर संपदा कायद्यात एजंटाची व्याख्या सुरू होते ती ‘एका व्यक्तीच्या वतीने’ दुसऱ्याशी बोलणी करणारा, अशी. दोघांची गाठ घालून देणाराही त्याच व्याख्येत येतो हे खरे. पण गाठ घालून देणे वेगळे आणि एकाच्या वतीने बोलणे वेगळे. आपण पहिल्या कामाला दुसरे समजून बसतो.

‘महारेरा आहे ना’ असेही म्हणतात. पण 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला त्या नोंदणीचे बंधन नाही आणि जुने घर मालकाकडून घेताना ती ढाल हातात नसते. आपल्याकडचे कितीतरी सौदे याच जातीचे. समृद्धी महामार्ग आला, 2023 मध्ये महानगरपालिका झाली, तशी गुंठ्यांची भाषा वाढली. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, एवढे सगळ्यांना पाठ असते. ती जागा अकृषिक आहे का, लेआउट मंजूर आहे का, 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली ती नियमित झाली आहे का, हे विचारायचे राहून जाते. त्यात आपण निजामाच्या मुलखातले. इथल्या सातबाऱ्यावर इनामाचा किंवा 1950 च्या हैदराबाद कूळ कायद्याचा जुना धागा निघू शकतो. भोगवटादार वर्ग 2 असेल तर परवानगीशिवाय केलेली खरेदी अंगाशी येते. सौदा मोडेल असा शेरा विकणाऱ्याचा माणूस आपणहून कशाला वाचून दाखवील?

वकील हे पाहतो, मान्य. पण आपण त्याच्याकडे जातो तेव्हा इसार देऊन झालेला असतो. शिवाय शेजारच्या गल्लीत मागचे खरेदीखत किती रुपयांना झाले, नळाला पाणी किती दिवसांनी येते, बोअर कधी आटतो, हे वकिलाचे काम नव्हे. 2012-13 चा दुष्काळ पाहिलेल्या जालनेकराला पाण्याची किंमत सांगायला नको. विकणाऱ्याचा माणूस श्रावणात घर दाखवतो; आपला असेल तर तो म्हणेल, मे महिन्यात एकदा येऊन बघा, मग बोलू.

राहिली दलाली. विकणारा जी दलाली देतो ती तो किमतीतच धरतो, म्हणजे ती अखेर आपल्याच खिशातून जाते. अमेरिकेत याच मुद्द्यावर खटले झाले आणि तडजोडीनंतर 17 ऑगस्ट 2024 पासून तिथल्या रिअल्टर संघटनेच्या एजंटांना घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी मोबदल्याचा लेखी करार करावा लागतो.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. आपल्या एजंटाला किमतीवर दोन टक्के ठरवले, तर किंमत चढण्यात त्याचाही फायदाच. म्हणून टक्का नको, ठोक रक्कम ठरवा. सौदा मोडला तरी त्यातला काही भाग त्याला मिळाला पाहिजे, तरच तो ‘हे घर घेऊ नका’ असे सांगू शकेल. समोरच्याकडून एक रुपयाही घेणार नाही, हे त्याच्याकडून लिहून घ्या. तो लिहून देत नसेल तर दुसरा शोधा, आणि तोपर्यंत इसार देऊ नका.