चौक: मांडलेला आणि रहदारीचा

कोल्हापुरात पत्ता विचारा, उत्तरात चौक येतोच. पण गोंधळ्याने 'चौक मांडला का?' असं विचारलं, की स्तंभलेखकाचे कान टवकारतात.

शब्द मूळचा संस्कृत 'चतुष्क', म्हणजे चारांचा समूह. प्राकृतात तो 'चउक्क' झाला, मराठीत 'चौक'. वाड्यातलं मोकळं अंगण चौक, चार रस्ते मिळतात तो चौक, अन् गोंधळात वस्त्रावर धान्याने भरतात तोही चौकच. त्यावर कलश बसतो आणि संबळाच्या ठेक्यावर अंबाबाई, भवानी, जोतिबा यांना नावं घेऊन बोलावलं जातं. लग्नानंतरचा कुळाचार असो वा दुखण्यातून उठल्यावर फेडायचा नवस, चौक हवाच.

असंच काहीसं अमेरिकेतही आहे: तिथले नवाहो लोक आजाऱ्यासाठी रंगीत वाळूचं चित्र काढतात, त्याला त्यावर बसवतात आणि विधी संपला की चित्र मोडतात. त्यांच्या भाषेत त्या चित्राचं नावच 'देव जिथे येतात-जातात ती जागा' अशा अर्थाचं. गोंधळ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही!

बोलण्यात मात्र रस्त्यानेच बाजी मारली. १९५० साली फुले-आंबेडकरांचे पुतळे बसले तो कोल्हापुरातला बिंदू चौक सभांसाठी ओळखला जातो. तीन रस्ते मिळतात त्या जागेला कोल्हापूरकरांकडे 'तिकटी' हा खास शब्द आहे, मिरजकर तिकटीसारखा. तरी हल्ली तिथेही बिनदिक्कत चौक म्हटलं जातं.