शासकीय नेमणुका व त्यांची मंजुरी : वऱ्हाड

वऱ्हाडातील अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा व यवतमाळ या जिल्ह्यांशी संबंधित टपाल, सैन्य व न्याय या तीन खात्यांतील पदांवर माणसे कोण नेमतो, त्या नेमणुकीला अखेरची मंजुरी कोण देतो आणि नेमलेला माणूस कायम कसा होतो, याविषयीची नोंद. अमेरिकेत न्यायाधीश व सैन्याधिकारी राष्ट्राध्यक्षाने सुचवायचे आणि सिनेटने संमत करायचे अशी रीत आहे. १९७० च्या टपाल सुधारणा कायद्यापर्यंत मोठ्या टपाल कचेऱ्यांचे पोस्टमास्तरही याच वाटेने नेमले जात. भारतात यांपैकी एकही नाव संसदेपुढे मतासाठी जात नाही. संविधान सभेत २४ मे १९४९ रोजी न्यायाधीशांच्या नेमणुकीवर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सिनेटच्या संमतीची पद्धत किचकट आणि राजकीय दबावाला वाट देणारी म्हणून नाकारली. सरन्यायाधीशांच्या हाती नकाराधिकार सोपवणेही त्यांना धोक्याचे वाटले. त्यांनी सल्लामसलतीचा मधला मार्ग पुढे ठेवला. त्या मार्गावर पुढे काय घडले, हे पाहायला वऱ्हाडाइतका बोलका प्रदेश क्वचित सापडेल.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिला तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी. इथल्या शेतसाऱ्यावर फौज पोसली जाई, पण तिचे अधिकारी नेमताना वऱ्हाडी माणसाला कोणी विचारीत नसे. तिची एक छावणी एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूर-परतवाड्याला होती. १९०३ मध्ये कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाली. तिच्यातली ९६ वी बेरार इन्फन्ट्री १९२२ मध्ये १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये गेली आणि त्या रेजिमेंटचे नाव १९४५ मध्ये कुमाऊँ रेजिमेंट झाले. वऱ्हाडच्या महसुलावर वाढलेल्या पलटणीचा वारसा आज हिमालयात आहे. दुसऱ्या बटालियनच्या नावाशी ‘बेरार’ हा शब्द तेवढा राहिला.

मुलकी कारभारासाठी पूर्व वऱ्हाडचा कमिशनर अमरावतीस व पश्चिम वऱ्हाडचा अकोल्यास बसे आणि दोघेही हैदराबादच्या रेसिडेंटच्या हाताखाली असत. पश्चिम वऱ्हाडचे कमिशनर राहिलेले आल्फ्रेड लायल यांनी १८७० चे वऱ्हाडचे गॅझेटिअर संपादित केले. जिल्ह्याचा अधिकारी महसूलही गोळा करी आणि न्यायही देई. यांतले कित्येक जण मुळात लष्करी अधिकारी होते. न्यायदान व अंमलबजावणी वेगळी करा ही त्या काळच्या काँग्रेसची ठराविक मागणी वऱ्हाडला म्हणूनच जवळची होती. डिसेंबर १८९७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीस भरले. त्याचे अध्यक्ष सी. शंकरन नायर पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि नंतर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झाले. १९१९ मध्ये जालियनवाला बागेनंतर त्यांनी ते पद सोडले. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांनी १८८५ ते १८९० या काळात वऱ्हाडात सरकारी नोकरी केली, पण ती सोडून ते वकिलीत आले. मोरोपंत जोशी हेही अमरावतीचेच वकील; ते मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारात गृहखात्याचे सदस्य झाले. सरकारी नेमणूक स्वीकारावी की नाकारावी, हा त्या पिढीतल्या वऱ्हाडी वकिलांपुढचा खरा नैतिक प्रश्न होता आणि दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती.

१९०२ च्या करारान्वये निजामाने वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांना दिला आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला. तरी कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता. सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. यातून एक विलक्षण प्रथा निघाली. वऱ्हाडचे मतदार आपला प्रतिनिधी निवडून देत, पण निवडून आलेला माणूस तेवढ्याने सभासद होत नसे. मग सरकार त्याच माणसाची ‘नियुक्त सभासद’ म्हणून नेमणूक करी. नागपूरच्या कायदेमंडळात आणि दिल्लीच्या मध्यवर्ती सभागृहांतही हेच चाले. कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये खापर्डे गेले ते याच रीतीने. लोकांच्या मतावर सरकारी कागदाचे शिक्कामोर्तब लागणे हा वऱ्हाडचा अपमान होता, असेच म्हटले पाहिजे. ऑक्टोबर १९३६ च्या कराराने निजामाचे काही मान वाढवले. त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली आणि मध्यप्रांत-वऱ्हाडचा गव्हर्नर नेमण्याआधी निजामाचे मत घेण्याचे ठरले. मत घ्यायचे ते निजामाचे. ज्यांच्यावर तो गव्हर्नर राज्य करणार होता, त्या अकोला-अमरावतीच्या लोकांना यात स्थान नव्हते. याच वर्षी, जानेवारीत, नागपूरला उच्च न्यायालय सुरू झाले. सर गिल्बर्ट स्टोन हे त्याचे पहिले मुख्य न्यायाधीश.

स्वातंत्र्यानंतर संयुक्त महाराष्ट्राची बोलणी सुरू झाली, तेव्हा वऱ्हाडी नेत्यांच्या मनात हा सारा अनुभव ताजा होता. ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार आणि २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार यांत त्याचे पडसाद दिसतात. नागपूर कराराने दोन गोष्टी मान्य केल्या. सरकारी नोकऱ्यांत प्रत्येक विभागाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळावा; आणि उच्च न्यायालयाचे दुसरे आसन नागपुरास असावे व न्यायाधीशांची नावे सुचवताना महाविदर्भातील (वऱ्हाड व नागपूर विभागातील) वकील व न्यायिक सेवेतील अधिकारी यांना शक्यतो पुरेसे प्रतिनिधित्व मिळावे. न्यायाधीशांच्या नेमणुकीत प्रादेशिक वाट्याचा असा लेखी शब्द भारतात दुर्मीळ आहे. पुढे संविधानाच्या ३७१ (२) या अनुच्छेदात राज्य सेवांतील नोकऱ्यांच्या पुरेशा संधींची तरतूद आली, न्यायाधीशांबाबतचा शब्द मात्र त्यात आला नाही. तो कराराच्या कागदावरच राहिला.

आज न्यायखात्यातील नेमणूक तीन पायऱ्यांवर होते. तालुक्याच्या न्यायालयातला दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतो. जिल्हा न्यायाधीश राज्यपाल नेमतात, पण अनुच्छेद २३३ प्रमाणे उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून. उच्च न्यायालयात व सर्वोच्च न्यायालयात नेमणुकीचे अधिपत्र राष्ट्रपतींच्या सहीचे असते. नाव मात्र सरन्यायाधीश व ज्येष्ठ न्यायाधीशांचा न्यायवृंद, म्हणजे कॉलेजियम ठरवते. ही व्यवस्था १९९३ व १९९८ च्या निकालांतून उभी राहिली. तिच्या जागी संसदेने आणलेला राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी रद्द केला. आंबेडकरांना जो नकाराधिकार धोक्याचा वाटला होता, तोच वेगळ्या रूपात व्यवस्थेच्या केंद्रस्थानी आला.

या सर्व पायऱ्या एका अमरावतीकराच्या वाटचालीत स्पष्ट दिसतात. भूषण रामकृष्ण गवई यांचा जन्म २४ नोव्हेंबर १९६० रोजी अमरावतीस झाला. १९८५ मध्ये वकिली सुरू करून ते पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात काम करू लागले. नागपूर व अमरावती महापालिका आणि अमरावती विद्यापीठ यांचे ते वकील होते. २००० मध्ये खंडपीठातील सरकारी वकील म्हणून त्यांची नेमणूक झाली. १४ नोव्हेंबर २००३ रोजी ते मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश झाले आणि १२ नोव्हेंबर २००५ रोजी कायम. अनुच्छेद २२४ नुसार अतिरिक्त न्यायाधीशाची मुदत दोन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणून ही दुसरी तारीख पहिलीइतकीच महत्त्वाची असते. अतिरिक्त न्यायाधीश या काळात सरकारविरुद्धचे दावेही ऐकतो आणि आपण कायम होणार की नाही याची वाटही पाहतो. व्यवस्थेतला हा कच्चा दुवा आहे.

८ मे २०१९ रोजी कॉलेजियमने त्यांचे नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवले. के. जी. बालकृष्णन २०१० मध्ये निवृत्त झाल्यापासून त्या न्यायालयात अनुसूचित जातीतील एकही न्यायाधीश नव्हता आणि कॉलेजियमच्या ठरावात याची दखल घेतली होती. कारण लिहून जाहीर केले की नेमणुकीचे मोल वाढते, याचे हे चांगले उदाहरण. २४ मे २०१९ रोजी त्यांनी शपथ घेतली. १४ मे २०२५ ते २३ नोव्हेंबर २०२५ या काळात ते भारताचे ५२ वे सरन्यायाधीश होते. या पदावर पोचलेले ते पहिले बौद्ध. पदावर येताच आठवड्याभरात, २० मे रोजी, त्यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्यासाठी तीन वर्षांची वकिलीची अट पुन्हा लागू केली. ९ ऑक्टोबरला त्यांच्याच घटनापीठाने ठरवले की वकिली व न्यायिक सेवा मिळून सात वर्षे भरणारा न्यायिक अधिकारीही जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीला पात्र आहे. पदवी घेऊन लगेच अभ्यासिकेत बसणाऱ्या अकोला-अमरावतीच्या मुलामुलींची सारी आखणी पहिल्या निकालाने बदलली. लहान गावातल्या वकिलाची पहिली वर्षे जवळजवळ बिनकमाईची असतात. ती काढण्याची ऐपत नसलेल्या घरांसाठी ही अट जड आहे. पण न्यायालयाची रीतभात न पाहिलेल्या माणसाला थेट न्यायासनावर बसवणे पक्षकारावर अन्याय करणारे आहे, आणि या दोहोंत पक्षकाराचे हित वरचे.

२०२५ च्याच ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेल्या न्या. विपुल पांचोळी यांच्या नावावर कॉलेजियममध्ये न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी मतभेद नोंदवल्याच्या बातम्या आल्या. संकेतस्थळावरील ठरावात मात्र त्या मतभेदाचा उल्लेख नव्हता. २०१९ च्या ठरावातला मोकळेपणा इथे दिसला नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायपदांची निवड करताना विरोधी मतही लोकांपुढे यायला हवे होते.

नेमणूक करणाऱ्यांच्या बाजूलाही अमरावतीची माणसे आहेत. १९९१ मध्ये अमरावतीतून लोकसभेवर गेलेल्या, अमरावती हे सासर असलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ राष्ट्रपती होत्या. १२ मे २०१० रोजी सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया यांना त्यांनी शपथ दिली. दर्यापूर तालुक्यातील दारापूरचे रा. सू. गवई, भूषण गवई यांचे वडील, २००६ पासून बिहारचे आणि २००८ ते २०११ केरळचे राज्यपाल होते. मुलाने निवृत्तीनंतर कोणतेही सरकारी पद घेणार नाही असे सरन्यायाधीशपदावर असतानाच जाहीर केले. नेमणुकीच्या आशेने निकाल वाकू नयेत यासाठी सध्या तरी असा स्वेच्छेचा नेम एवढाच उपाय उपलब्ध आहे. निवृत्तीनंतर ठरावीक काळ नवे पद न घेण्याची सक्ती कायद्यातच हवी.

टपाल खात्याची गोष्ट अगदी वेगळी. पोस्टमास्तर नेमण्यात कोणा मंत्र्याचा किंवा सभागृहाचा हात नसतो. वरच्या पदांवरचे भारतीय टपाल सेवेचे अधिकारी संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतात. खेड्यातली शाखा मात्र ग्रामीण डाकसेवक चालवतो आणि त्याची निवड लेखी परीक्षा वा मुलाखत न होता दहावीच्या गुणांवर होते. गुणांची टक्केवारी दशांशाच्या चार स्थळांपर्यंत काढून यादी लागते, मग विभागीय कचेरीत कागदपत्र पडताळणी. वशिल्याला जागा जवळजवळ नाही, हे या पद्धतीचे मोठे यश. शाखा डाकपालाने शाखेच्या गावातच राहायचे, जागेची सोय करायची आणि दहावीपर्यंत मराठी शिकलेले असायचे, अशा अटी आहेत. चिखलदरा-धारणीच्या मेळघाटात म्हातारा खातेदार कोरकूत बोलतो. त्याची भाषा जाणणाऱ्या उमेदवाराला या यादीत एकही गुण जास्त मिळत नाही. ही उणीव भरून काढता येण्याजोगी आहे.

डाकसेवकाच्या कायमपणाचा प्रश्न जुना आहे. त्याला नियमित केंद्रीय कर्मचारी मानले जात नाही. नियमित कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन त्याला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये पी. के. राजम्मा प्रकरणात या सेवकांचे पद हे नागरी पद ठरवले, त्यामुळे चौकशीशिवाय काढून टाकण्यापासून संरक्षण मिळाले. कमलेश चंद्र समितीच्या शिफारशींनंतर जुलै २०१८ पासून शाखा डाकपालाचा कामाच्या तासांवर बेतलेला भत्ता दरमहा किमान १२,००० रुपये झाला. पावसाळ्यात नाला ओलांडून पेन्शनची रक्कम घरपोच नेणाऱ्या माणसाला देशाने आपला पूर्ण नोकर मानू नये, हे न्याय्य नाही.

कायम होण्याच्या वाटेत आणखी एक अडथळा असतो. ‘ऑर्डर आली’ म्हणून पेढे वाटून झाले तरी वऱ्हाडातल्या अनेक घरांत खरी धाकधूक ‘व्हॅलिडिटी’ची असते. राखीव जागेवरच्या उमेदवाराचा जातीचा दाखला पडताळणी समितीने वैध ठरवावा लागतो. विणकर असलेले हलबा-कोष्टी हे हलबा जमातीत येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००० मध्ये मिलिंद प्रकरणात सांगितले. दाखला अवैध ठरला तर नोकरीही जाईल, असे ६ जुलै २०१७ च्या निकालाने पक्के केले. अचलपूर, अंजनगावच्या विणकर घरांत वीस-पंचवीस वर्षांची सेवा एका कागदावर टांगली गेली. खऱ्या आदिवासींच्या जागा त्यांनाच मिळाल्या पाहिजेत. पण पडताळणी नेमणुकीआधी आणि ठरलेल्या मुदतीत झाली असती, तर दोन्ही बाजूंची ही होरपळ टळली असती.

सैन्यात अधिकाऱ्याला राष्ट्रपतींचे कमिशन मिळते आणि ते भारताच्या राजपत्रात येते. आर्मी ॲक्ट, १९५० नुसार तो राष्ट्रपतींच्या मर्जीपर्यंत पदावर असतो. जवानाची नेमणूक नसते, भरती असते. अमरावती-अकोल्याच्या मुलांसाठी ती नागपूरच्या सैन्य भरती कार्यालयामार्फत होते. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने ही भरती चार वर्षांची केली. त्यानंतर प्रत्येक तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतील. सियाचीनमध्ये कर्तव्यावर मृत्यू पावलेला पहिला अग्निवीर, म्हणजे या योजनेतला जवान, वऱ्हाडातला, बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा होता; ऑक्टोबर २०२३ मध्ये तो गेला. पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ च्या सुमारास सुरू झाले, त्यामुळे त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. कोणाला ठेवायचे आणि कोणाला घरी पाठवायचे याचे निकष, गुणांच्या तक्त्यासह, त्याआधीच प्रत्येक भरती कार्यालयात मराठीतून लावले जावेत.